डाव्या दरवाजाचा स्पीकर दर सहा महिन्यांनी जातोय? स्पीकर सोडून बाकी सगळं आधी तपासा

लक्षण असं. पुढच्या डाव्या दरवाजाला नवा स्पीकर बसवला की चार-सहा महिने झकास वाजतो. मग एखाद्या दिवशी गाण्यात तबल्याचा डग्गा घुमला की खरखर. नंतर मधूनच बंद, दरवाजा आपटला की चालू. शेवटी कायमचाच बंद. दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं: "स्पीकर गेला साहेब, याच्यापेक्षा भारी टाका." भारी टाकला, तोही गेला. दोन वर्षांत त्या एका दरवाजानं माझे तीन स्पीकर खाल्ले. स्पीकर जोडीनंच विकत मिळतात, त्यामुळे उजवीकडून काढलेले चांगले स्पीकर माळ्यावर धूळ खात पडले ते वेगळंच.

गाडी दहा वर्षांची हॅचबॅक. मी लातूरचा, काम बियाण्याचं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडपर्यंत ३६१ नंबरच्या हायवेनं जायचं आणि मधल्या गावांत शिरायचं म्हटलं की काळ्या मातीचा रस्ता. पेरणीच्या दिवसांत गाडी अर्धी शेतात असते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

चौथ्यांदा पैसे घालायच्या आधी मेहुण्याच्या कानावर घातलं. त्याचं अहमदपूरला मोटर वायंडिंगचं दुकान आहे, बोअरच्या मोटरी भरून देतो. गाणीबजावणी त्याला ओ का ठो कळत नाही, पण तो म्हणाला, "दाजी, मेलेले तिन्ही घेऊन या." नशिबानं मी ते टाकून दिले नव्हते, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात पडले होते.

पहिल्या स्पीकरचा कोन (पुढचा थरथरणारा पडदा) त्यानं ब्लेडनं गोल कापला आणि आतली कॉईल ओढून बाहेर काढली. तांब्याची तार असायला हवी तिथं काळपट तपकिरी भेंडोळं. वॉर्निश उडालेलं, दोन वेढे सुटून बाजूला आलेले. माझ्या नाकाशी धरून म्हणाला, "वास घ्या. मोटर जळाली की असाच येतोय का न्हाई?" तसाच होता. पाठोपाठ म्हणाला, "लोक मोटर जळाली की माझ्याकडं आणतेत. मी भरून देतो. महिन्यानं तीच मोटर परत माझ्या दारात. मोटरचा दोष नसतोय दाजी. व्होल्टेज कमी असतंय, न्हाई तर बोअरला पाणी नसतंय. तुमचं तसंच व्हायलंय."

दुसऱ्याची कॉईल मीटरवर ३.४ ओहम दाखवत होती, म्हणजे ठणठणीत. (४ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. तो त्याच्या तारेचा नुसता रोध असतो, घाबरू नका.) पण कोन दोन्ही अंगठ्यांनी दाबला तर आत वाळू दळल्यासारखं करकरलं. कागदी कोनाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाण्याची रेघ, फ्रेमला गंज आणि चुंबकाच्या फटीत वाळलेली काळी माती.

तिसऱ्याची गंमत वेगळीच. मीटरवर ३.५, कोन लोण्यासारखा आत-बाहेर. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल लावला तर 'टप' करून कोन पुढं आला. हा मेलाच नव्हता! चांगला स्पीकर काढून मी नवे पैसे मोजायला निघालो होतो.

म्हणजे एकाच दरवाजात तीन मरणं आणि तिघांची कारणं वेगळी. दुकानदारांनी तिन्ही वेळा एकच औषध दिलं.

जळालेली कॉईल आणि डब्यावरचा ५०

माझ्या डेकच्या (गाडीतल्या गाणी वाजवायच्या यंत्राच्या) डब्यावर लिहिलंय ४ × ५० वॅट. स्पीकरच्या डब्यावर २५० वॅट. मी म्हटलं, पन्नासवाला अडीचशेवाल्याला जाळेल कसा? मेहुण्यानं पुठ्ठ्यावर हिशोब मांडला. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास असतात. वेगळा अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा जादा डबा) नसेल तर डेक स्पीकरला त्याहून उंच व्होल्टेजची लाट देऊच शकत नाही. लाट स्वच्छ असेल तर १४.४ भागिले १.४१४, म्हणजे १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून ४ ओहमनं भागा, २६ वॅट. डेकच्या आत थोडं खर्ची पडतं, हाती उरतात वीसच्या आसपास. मग ५० आले कुठून? लाटेचा माथा आणि तळ दोन्ही सपाट कापले, म्हणजे आवाज पुरता फाडला, तर १४.४ चा वर्ग भागिले ४ होतो. करून बघा, ५१.८ येतात.

डब्यावरचा तो आकडा फाटलेल्या आवाजाचा आहे. मी दोन वर्षं तो मिळवायला बघत होतो.

मे महिन्यात काचा खाली, हायवेचा वारा, त्यात ट्रकचा आवाज. मी लाउडनेस (बेस फुगवणारं बटण) चालू, बेस शेवटपर्यंत आणि व्हॉल्यूम ४० पैकी ३५ वर ठेवून नांदेडपर्यंत जात होतो. लाट सपाट कापली गेली की तेवढ्याच उंचीतून कॉईलमध्ये जवळजवळ दुप्पट ताकद सतत ओतली जाते आणि तिची उष्णता होते. उन्हात उभी केलेली गाडी आधीच तापलेली असते. आणि स्पीकरच्या डब्यावर जरी २५० असलं तरी चुंबकाच्या मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात आरएमएस ३० लिहिलेलं होतं. आरएमएस म्हणजे सतत झेपणारी ताकद, खरा आकडा तो. डब्यावरचा मोठा आकडा क्षणभराच्या दणक्याचा असतो, लग्नपत्रिकेतल्या 'सहकुटुंब सहपरिवार'इतकाच मनावर घ्यावा.

यावर मी काय केलं: लाउडनेस बंद, बेस शून्यावर आणला. डेकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो ८० हर्ट्झवर ठेवला. त्यामुळे ज्या खोल दणक्यांसाठी दरवाजाचा स्पीकर उगाच धडपडतो ते त्याच्यापर्यंत जातच नाहीत. सुरुवातीला आवाज पोकळ वाटतो, आठवड्यात कान सरावतो. मग ओळखीचं, स्वच्छ गळ्याचं एक गाणं लावून व्हॉल्यूम एकेक घर वाढवत गेलो. 'स' आणि 'श' जिथं खरबरीत व्हायला लागले तिथून तीन घरं मागं आलो. माझ्या डेकवर ते २७ निघालं. २७ च्या पुढं जायचं नाही, एवढा एक नियम घरातल्या पोरांनाही सांगून ठेवलाय.

यापेक्षा मोठा आवाज हवाच असेल तर वेगळा अ‍ॅम्प घ्या. ऐकायला उलटं वाटेल, पण ५० आरएमएसचा स्वच्छ अ‍ॅम्प आणि तेवढं झेपणारा स्पीकर ही जोडी वीस वॅटच्या फाटक्या डेकपेक्षा जास्त टिकते. फक्त अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेककडून आलेला आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण. डेक पाऊणावर ठेवायचा, गेन अगदी खालून वर आणायचा आणि फाटायच्या आधी थांबायचं. अ‍ॅम्पच्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा, सीटखाली नव्हे. वायर मधेच कुठं बॉडीला घासली तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या भागाला काहीच संरक्षण नसतं.

पाणी

दरवाजाच्या आत पाणी जाणं हा दोष नाही, हे मला माहीत नव्हतं. काचेच्या रबरातून थोडं पाणी आत उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी रचना असते. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा एक कागद चिकट डांबरासारख्या पट्टीनं चिकटवलेला असतो, तो पाण्याला पॅनलकडं येऊ देत नाही.

आम्ही पॅनल उघडलं तेव्हा तो कागद ब्लेडनं उभा फाडलेला होता. स्पीकरपर्यंत हात जावा म्हणून कुणीतरी कापला आणि तसाच सोडला. खालची तीनही भोकं काळ्या मातीनं लिंपलेली, आत पेलाभर गढूळ पाणी साचलेलं. मेहुण्यानं जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं भोक टोचलं तेव्हा चहाच्या रंगाची धार लागली आणि संपेना. स्पीकर या हौदाच्या वर वर्षभर लटकत होता! काळ्या रानात फिरणाऱ्या कुठल्याही गाडीचं हे होतं. पावसाळ्यात गाडी वळवताना किंवा दरवाजा आपटताना आत खळखळ ऐकू आली तर स्पीकर जायच्या आधीच ती भोकं मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

नवा कागद आणून बुटाइलच्या (चिकट रबराच्या) पट्टीनं चिकटवला. साधी डबल टेप लावू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचं मेण होतं. स्पीकरच्या मागं वरून पाणी पडू नये म्हणून पाच लिटरच्या तेलाच्या कॅनची कड कापून त्याची टोपी केली, छपरासारखी वरच्या निम्म्या भागालाच. मागून पूर्ण डबा बसवायचा मोह होतो, पण तसा कोंडला की बेस मरतो. दरवाजाची सगळी पोकळीच त्या स्पीकरचं खोकं असते.

तार

तिसऱ्याचा गुन्हेगार शोधायला सगळ्यात कमी वेळ लागला आणि सगळ्यात जास्त राग आला. दुकानात डेक बदलताना कंपनीची तार सोडून नवी ओढली होती. खांब आणि दरवाजा यांच्यामध्ये रबराची सुरकुत्यांची नळी असते, तार तिच्यातून जायला हवी. तो कुटाणा नको म्हणून ती बिजागरीशेजारून घातलेली. डावा दरवाजा माझ्या गाडीत सगळ्यात जास्त उघडतो, बियाण्याच्या पिशव्या तिथूनच चढतात. प्रत्येक वेळी तार चिमटत गेली, आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटले आणि शेवटी दोनच धाग्यांवर गाणं चाललेलं.

ओळखायचं कसं? डेकचा कपलर (मागचा तारांचा प्लग) काढून त्या स्पीकरच्या दोन तारांवर मीटर लावा आणि दुसऱ्याला दरवाजा सावकाश उघड-बंद करायला सांगा. आकडा ३.५ वर स्थिर राहिला तर तार ठीक. मधेच उडाला तर रोग सापडला. स्पीकर उघडायचीही गरज नाही.

यातलाच आणखी एक प्रकार जास्त महाग पडतो. हल्लीच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्म्याइतका व्होल्टेज असतो. काळ्या रेघेची तार म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला लागली की डेक स्वतःला वाचवायला चारही स्पीकर गप्प करतो, नाही वाचला तर आतला आयसी उडतो. दरवाजा लावल्यावर सगळाच आवाज जातो आणि उघडल्यावर येतो, असं असेल तर डेक बदलू नका, चिमटलेली तार शोधा. गोल पिळून वर काळी टेप गुंडाळलेले जोड तर मी सगळेच काढले. दोन उन्हाळ्यांत ती टेप चिकट रसासारखी सरकलेली. झाळणं किंवा क्रिंप (दाबून बसवलेला जोड), आणि वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), एवढं पुरे.

नवा घेताना

आता निवडीचं, थोडक्यात. आधी मोजा, मग दुकानात जा. साडेसहा इंची म्हणून मिळणाऱ्या स्पीकरची खोली साधारण ५५ ते ७० मिमी असते आणि तेवढ्या फरकात काच अडते. काच पूर्ण खाली करून पॅनलमागं बोटं घालून अंदाज घेणं अवघड जातं. आम्ही कणकेचा गोळा स्पीकरच्या भोकातून काचेला टेकवला, पट्टीनं सपाट केला आणि काढून मोजला: ६१ मिमी. (घरात कणीक कशाला हवी ते सांगितलं नव्हतं, नंतर बोलणी खाल्ली.) खोली कमी पडत असेल तर स्पेसरची रिंग लागते. ती एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) घेऊ नका, दरवाजातल्या ओलीनं बिस्किटासारखी फुगते. प्लॅस्टिकची घ्या.

वेगळा अ‍ॅम्प नसेल तर वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा. ८९ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर तेवढाच मोठा आवाज निम्म्या ताकदीत देतो, म्हणजे डेकला फाटायची वेळच कमी येते. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात उपयोगाचा आकडा हाच, आणि दुकानात तो कुणी बोलत नाही. कोन पॉलिप्रॉपिलिनचा आणि कडा रबराची. फोमची कडा उन्हात काही वर्षांत भुगा होते. ओहम चारच हवेत. घरातल्या बॉक्समधला ८ ओहमचा काढून लावला तर ताकद निम्मी होते. जीपला मागं जादा दोन जोडायचे म्हणून एकाच चॅनेलवर दोन स्पीकर समांतर जोडले तर दोनच ओहम उरतात आणि डेक तापतो. ट्वीटर वेगळा असलेला कॉम्पोनंट सेट घ्यावा की एकातच असलेला कोअ‍ॅक्सियल? रस्ता खराब, काचा खाली, ऐकायची बातम्या आणि जुनी गाणी. मी कोअ‍ॅक्सियल घेतला.

बसवल्यावरही बेस गायब असेल तर

माझं हेच झालं. सगळं नवं, तरी आवाज पातळ. बॅलन्स पूर्ण डावीकडं नेला की बेस यायचा, पूर्ण उजवीकडं नेला तरी यायचा, मधे आणला की नाहीसा. याचा अर्थ एका बाजूच्या अधिक-उणे तारा उलट्या जोडल्यात. एक कोन पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो, दोघं मिळून एकमेकांचं कापतात.

बाहेरून घेतलेल्या डेकच्या तारांचे रंग ठरलेले असतात: पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, काळी रेघ असेल ती उणे. पण गाडीतल्या कंपनीच्या तारांना हे रंग लागू नाहीत, प्रत्येकाचे वेगळे. म्हणून रंगावर विसंबू नका. डेकचा कपलर काढा (काढाच, नाही तर डेकला इजा होईल), तारांच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि दुसऱ्याला कोनाकडं बघायला लावा. पुढं आला तर सेलच्या अधिककडची तार ती अधिक. चारही दरवाजांना केलं, माझी मागची उजवी उलटी निघाली आणि पुढची उजवीही. म्हणजे दोन वर्षं मी निम्मीच गाणी ऐकत होतो आणि तो बेस परत आणायला बटण पिळत होतो. पहिली कॉईल जळायचं मूळ मला तिथं सापडलं.

एवढं करूनही थोडी खरखर उरली होती. स्पीकर हातानं दाबून धरला तरी थांबेना, दरवाजाच्या पॅनलवर तळहात टेकवला की थांबायची. चार क्लिपा तुटलेल्या होत्या, आणि आतली लॉकची सळई पत्र्यावर वाजत होती. क्लिपा नव्या घातल्या, सळईला फोमची पट्टी गुंडाळली. पत्र्याला दोन डॅम्पिंग शीट लावल्या, खालची भोकं सोडून. ते विसरलात तर पाण्याचा धडा पहिल्यापासून.

याला आता अकरा महिने झाले. मधे एक पावसाळा गेला, डाव्या दरवाजाची एकदाही तक्रार नाही. तो तिसरा, न मेलेला स्पीकर मेहुण्यानं ठेवून घेतला. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला गोल भोक पाडून त्यात बसवलाय, जुन्या रेडिओला जोडलाय, आणि दुकानात मोटर भरताना त्यावर आकाशवाणी परभणी लावतो.